दोन तासांचा बॅले कसा लिहितात? जोबी टॅलबट यांच्या कामाच्या आधारे

प्रश्न थोडक्यात असा आहे: वाद्यवृंदासाठी लिहायला शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याला ब्रिटिश संगीतकार जोबी टॅलबट यांची कारकीर्द समजून घ्यायची आहे. आजच्या काळात बॅलेचा संगीतकार कसा घडतो, दोन तासांचं संगीत कोणत्या क्रमाने लिहितात, गडबड कुठे होते, आणि टॅलबट यांची पॉप बँडमधली वर्षं वाया गेली का, हे त्याने विचारलं आहे.

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीच्या उत्तराची किल्ली त्यातच आहे. ती वर्षं वाया गेली नाहीत. बॅलेला लागणारं सगळ्यात कठीण कौशल्य ते तिथेच शिकले. मोजून दिलेल्या वेळेत, दुसऱ्याने आखलेल्या प्रसंगाला धरून, तरीही स्वतःचं वाटेल असं संगीत बसवणं हे ते कौशल्य. चाल सुचणारे पुष्कळ असतात. ‘इथे १ मिनिट ४० सेकंद, त्यातल्या शेवटच्या १० सेकंदांत पडदा बदलतो’ असं सांगितल्यावर तेवढ्यात श्वास घेणारं संगीत लिहिणारे थोडे.

टॅलबट यांचा जन्म १९७१ सालचा, लंडनच्या विंबल्डन भागातला. ब्रायन एलियस यांच्याकडे खासगी शिकवणी, मग रॉयल हॉलोवे आणि पुढे गिल्डहॉल स्कूल ऑफ म्युझिकमध्ये सायमन बेनब्रिज यांच्याकडे रचनेचं शिक्षण, असा त्यांचा पाया अगदी शिस्तशीर आहे. त्याच सुमारास, १९९३ पासून, ते नील हॅनन यांच्या ‘द डिव्हाइन कॉमेडी’ या बँडमध्ये होते. कीबोर्ड वाजवणं आणि गाण्यांना तंतुवाद्यं, पितळी वाद्यं यांची मांडणी करून देणं हे त्यांचं काम होतं, आणि ते २००२ पर्यंत चाललं. मराठी वाचकाला हे काम ओळखीचं वाटेल. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्यासाठी करत होते, त्याच जातीचं हे अरेंजरचं काम. गाणं तीन-साडेतीन मिनिटांचं असतं, गायकाच्या आवाजावर काही चढू द्यायचं नसतं, स्टुडिओचा तास महाग असतो, आणि कागदावर चूक राहिली तर तीस वादक थांबून राहतात. अशा जागी नऊ वर्षं काढलेला माणूस उगाच स्वर खर्च करत नाही.

त्याच काळात दूरचित्रवाणी (‘द लीग ऑफ जंटलमेन’ ही विनोदी मालिका) आणि मूकपटांची कामं सुरू झाली. मूकपट हा बॅलेचा सख्खा भाऊ मानायला हवा. दोन्हीत शब्द नाहीत, आणि दोन्हीत संगीत थांबत नाही. येवगेनी बाउअर यांच्या १९१७ च्या ‘द डाइंग स्वान’ या रशियन मूकपटासाठी टॅलबट यांनी २००२ मध्ये पियानो, व्हायोलिन आणि चेलो अशा तीनच वाद्यांचं संगीत लिहिलं. चित्रपटाची नायिका एक मुकी नर्तिका आहे. पुढे २००७ मध्ये नृत्यदिग्दर्शक क्रिस्टोफर व्हील्डन यांनी आपल्या ‘फूल्स पॅरडाइस’ या नृत्यासाठी हेच संगीत वाढवून घेतलं. टॅलबट यांची पुढची मोठी बॅले व्हील्डन यांच्याच बरोबरची आहेत. म्हणजे त्या जोडीचं मूळ एका मूकपटाच्या कामात आहे.

बॅलेच्या जगात त्यांचं नाव झालं ते मात्र दुसऱ्याच रस्त्याने. ‘द व्हाइट स्ट्राइप्स’ या बँडची गाणी निव्वळ वाद्यवृंदासाठी बांधलेला ‘ॲल्युमिनियम’ हा संग्रह त्यांनी केला. नृत्यदिग्दर्शक वेन मॅकग्रेगर यांनी त्यातल्या तीन रचना घेतल्या, जोडीला टॅलबट यांच्या स्वतःच्या रचना घेतल्या, आणि नोव्हेंबर २००६ मध्ये लंडनच्या रॉयल बॅले या नृत्यसंस्थेसाठी दहा नर्तकांचं ‘क्रोमा’ उभं केलं. अर्ध्या तासाच्या आतबाहेरचं हे काम, गोष्ट नाही, पात्रं नाहीत. इथे एक बाब ध्यानात ठेवावी: ‘क्रोमा’मध्ये संगीत बरंचसं आधीचं होतं आणि नृत्य त्यावर बसवलं गेलं. गोष्ट सांगणाऱ्या पूर्ण लांबीच्या बॅलेत हे चालत नाही. तिथे प्रसंगाची लांबी आधी ठरते आणि स्वर नंतर येतात. दोन्ही प्रकार ‘बॅलेचं संगीत’ या एकाच नावाखाली मोडतात, पण लिहिण्याची शिस्त वेगळी आहे, आणि शिकणाऱ्याचा पहिला गोंधळ इथेच होतो.

आता मुख्य काम. २८ फेब्रुवारी २०११ ला लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउसमध्ये ‘ॲलिसेस ॲडव्हेंचर्स इन वंडरलँड’ पहिल्यांदा झालं. रॉयल बॅलेने पूर्ण लांबीचं नवं काम रंगमंचावर आणलं ते १९९५ नंतर पहिल्यांदा. नृत्यरचना व्हील्डन, संहिता निकोलस राइट, नेपथ्य बॉब क्रोली, आणि खर्चाची भागीदारी टोरांटोच्या नॅशनल बॅले ऑफ कॅनडाशी. संगीत जवळपास दोन तासांचं.

दोन तास म्हणजे किती, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय अंदाज येत नाही. सरासरी लय मिनिटाला १०० मात्रा धरा. १२० मिनिटांच्या १२,००० मात्रा झाल्या. चार मात्रांचा एक गट, म्हणजे एक बार, धरला तर ३,००० बार. वाद्यवृंदाच्या स्कोअरमध्ये, म्हणजे सगळ्या वाद्यांचं संगीत एकत्र लिहिलेल्या कागदावर, एकाखाली एक २५ ओळी असतील तर ७५,००० चौकोन भरायचे. त्यातले निम्मे विरामाचे असले तरी प्रत्येक चौकोनाचा निर्णय कुणीतरी घ्यावा लागतो. म्हणून इथे एकटा माणूस पुरत नाही. ‘ॲलिस’चं वाद्यवृंदलेखन टॅलबट आणि क्रिस्टोफर ऑस्टिन या दोघांच्या नावावर आहे. ‘ॲल्युमिनियम’मध्येही ऑस्टिन होतेच. संगीतकार चार ते सहा ओळींचा आटोपशीर स्कोअर देतो. त्यात स्वर, लय, आणि ‘इथे हॉर्न, वर बासऱ्या दुप्पट’ अशा सूचना असतात. वाद्यवृंदलेखक तो पूर्ण स्कोअरमध्ये उतरवतो. हे काम दुसऱ्याला देणं म्हणजे कमीपणा, असं समजणारे विद्यार्थी भेटतात. आटोपशीर स्कोअरमध्ये रंग ठरलेले नसतील तर दोष संगीतकाराचा. ठरलेले असतील तर मदतनीस घेण्यात काहीही गैर नाही.

क्रम असा असतो. सुरुवातीला प्रसंगांची यादी. प्रत्येक प्रसंगासमोर कोण रंगमंचावर, काय घडतं, किती मिनिटं, आणि शेवट कसा: टाळ्यांसाठी थांबा की पुढच्या प्रसंगात सरळ प्रवेश. ही परंपरा जुनी आहे. नृत्यदिग्दर्शक पेतिपा यांनी संगीतकार चायकॉव्स्कींना प्रसंगागणिक बारांची संख्या, ठेका आणि भाव लिहून दिले होते. आज बारांऐवजी मिनिटं-सेकंद लिहितात, एवढाच फरक. यादीत तीन रकाने हमखास राहून जातात, आणि तिन्ही पुढे छळतात. एक, वेशबदल: नायिका आत गेली आणि ५० सेकंदांनी वेगळ्या पोशाखात यायची असेल, तर ते ५० सेकंद कुणाच्या तरी नाचाने भरलेले हवेत. दोन, नेपथ्यबदल: यंत्रणेला ३० सेकंद लागतात असं सांगितलं तर ४० सेकंदांचं संगीत लिहा, आणि त्यात पुन्हा वाजवता येण्याजोगे दोन किंवा चार बार मुद्दाम ठेवा, म्हणजे काही अडकलं तर कंडक्टर ते फिरवत राहू शकतो. तीन, दम. एकल नृत्याची एक फेरी सव्वा ते दीड मिनिटाच्या पुढे गेली की मोठ्या उड्या घेणाऱ्या नर्तकाचे पाय जड होतात. संगीतकाराला आवडलेली सुरावट तीन मिनिटं चालवायची असेल, तर मध्ये दुसरा कुणी नाचायला हवा.

‘ॲलिस’ला स्वतःलाच लांबीचा प्रश्न भेडसावला. २०११ मध्ये ते दोन अंकी होतं आणि पहिला अंक फार लांबला होता. २०१२ मध्ये त्याची तीन अंकांत फेरमांडणी झाली. इतक्या अनुभवी मंडळींच्या हातूनही हे पहिल्या फेरीत निसटलं, यावरून लांबीचा अंदाज कागदावर किती फसवा असतो ते कळावं. प्रसंग वाचताना पाच मिनिटं वाटतो, नाचताना आठ होतो. पडद्याचं ठिकाण बदललं की संगीतही हलतं. जिथे सलग वाहत होतं तिथे अंकाचा शेवट लागतो, पुढे नव्याने सुरुवात लागते, आणि स्वरस्थानांचा आधी आखलेला प्रवास तुटतो. म्हणून प्रत्येक मोठ्या प्रसंगाच्या शेवटी ‘इथे पडदा पडला तर’ असा पर्यायी चार-आठ बारांचा शेवट मनात तयार असावा.

प्रसंग ठरले की संगणकावर नमुना तयार होतो. लॉजिक किंवा क्युबेससारख्या सॉफ्टवेअरमध्ये वाद्यांचे ध्वनिमुद्रित नमुने वापरून केलेला हा कच्चा आराखडा नृत्यदिग्दर्शक ऐकतो, त्यावर काम करतो. सोय मोठी आहे, पण हा नमुना दोन बाबतींत हमखास खोटं बोलतो. पहिली, तोल. संगणकात बासरीचा खालचा सप्तक ट्रॉम्बोनच्या वर ऐकू येतो, कारण आवाजाची कळ आपल्या हातात असते. पिटमध्ये, म्हणजे रंगमंचासमोरच्या वाद्यवृंदाच्या खोलगट जागेत, तो स्वर कुणालाही ऐकू येणार नाही. दुसरी, लय. संगणकाची लय ताठ असते. नर्तक महिनाभर त्या ताठ लयीवर शरीर घडवतात, आणि मग जिवंत वाद्यवृंद समेच्या आधी किंचित श्वास घेतो तेव्हा त्यांचा तोल जातो. फरक किती पडतो ते पाहा: चार मात्रांचे ६४ बार मिनिटाला १२० च्या लयीत १२८ सेकंदांत संपतात, ११२ च्या लयीत १३७ सेकंद लागतात. नऊ सेकंद! एका पायाच्या टोकावर उभ्या असलेल्या नर्तिकेला विचारा नऊ सेकंद म्हणजे काय.

यावर उपाय एकच: तालमीच्या खोलीत नमुन्याबरोबर पियानोची आवृत्तीही सुरुवातीपासून द्यायची. बॅलेच्या तालमी पियानोवादकावर चालतात. तो थांबतो, मागे जातो, ‘समेच्या आधीच्या चार’पासून पुन्हा सुरू करतो. ही आवृत्ती दोन हातांत वाजली पाहिजे. वाद्यवृंदातलं सगळं त्यात कोंबू नये. नर्तक ज्याच्यावर पाऊल टाकतो तो आवाज मात्र त्यात हवाच. ढोलाच्या एका ठोक्यावर उडी असेल आणि पियानोच्या कागदावर तो ठोका नसेल, तर नर्तक दुसऱ्याच कशाला तरी कान लावून बसतो, आणि तो आवाज वाद्यवृंदात कदाचित नसतोच. पियानोच्या ओळीवर लहान अक्षरात ‘ढोल’, ‘घंटा’, ‘ट्रम्पेट’ असं लिहून ठेवलं की पुढचे कितीतरी तास वाचतात.

मात्रा मोजण्याच्या बाबतीत आपल्याकडच्या माणसाला इथे एक फायदा आहे. नर्तक आठाच्या हिशेबाने मोजतात. संगीतकाराने विषम बारांची साखळी लिहिली, समजा ७, ७, आणि ९, तर कागदावर ते तीन विचित्र बार आहेत, पण नर्तकांच्या मोजणीत ते सहज ‘आठ, आठ, सात’ होतात. बेरीज २३ च. कथकची तिहाई समजणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. पण गडबड अशी होते की कंडक्टर स्वतःच्या बारांवरून बोलतो, नृत्यदिग्दर्शकाचा सहायक स्वतःच्या आठांवरून, आणि ‘तिसऱ्यापासून घ्या’ या वाक्याचे दोन अर्थ निघतात. संगीतकाराने एक तक्ता करून द्यावा: डावीकडे बार क्रमांक, मध्ये तालीम-क्रमांक (तालमीत जागा सांगण्यासाठी स्कोअरवर आणि भागांवर छापलेला आकडा), उजवीकडे नर्तकांची मोजणी. उजवा रकाना तालमीत सहायकाकडून भरून घ्यायचा. तो आपण भरू नये, कारण नर्तक काय मोजतात ते त्यांनाच माहीत असतं.

‘ॲलिस’मधला टोपीवाल्याचा चहापानाचा प्रसंग या बाबतीत अभ्यासण्यासारखा आहे. पहिल्या खेळात स्टीव्हन मॅक्रे यांनी तो टॅप नृत्यात केला. टॅपचे बूट हे तालवाद्यच आहे, त्यामुळे नर्तकाचे पाय स्कोअरमधली एक ओळ बनतात. अशा ठिकाणी लिहिताना त्या आवाजाच्या वाट्याची जागा मोकळी ठेवावी लागते. कोरडे, आखूड, वरच्या पट्टीतले आवाज, म्हणजे स्नेअर ड्रम, लाकडी ठोकळा, व्हायोलिनचं छेडून वाजवणं, हे सगळे त्याच जागेत येतात आणि टाचांचा आवाज खातात. खाली घुमणारं, लांबणारं काही ठेवलं तर पाय स्पष्ट ऐकू येतात. लयही पायांच्या मर्यादेत हवी. हवेत राहण्याचा वेळ गुरुत्वाकर्षण ठरवतं, स्कोअर ठरवत नाही.

वाद्यवृंदलेखन संपलं की सुटे भाग, म्हणजे प्रत्येक वादकासमोर ठेवायचे कागद. नव्या संगीतकारांची सगळ्यात जास्त बदनामी इथे होते. वाद्यवृंदांचे ग्रंथपाल सांगतात ते साधं आहे: पाच रेघांची उंची ८ मिलिमीटरच्या आसपास, ७ पेक्षा कमी कधीच नाही, कागद निदान साडेनऊ बाय साडेबारा इंचांचा, आणि भाग पहिल्या तालमीच्या दोन महिने आधी ग्रंथालयात. ए-फोरवर छापून दिलेले भाग पिटच्या मंद दिव्यात वाचवत नाहीत. पान उलटण्याच्या जागी विराम हवा. तंतुवाद्यांत एका स्टँडवर दोघे असतात, उलटताना एक थांबतो आणि आवाज अर्धा होतो. मोठ्या विरामानंतर प्रवेश असेल तर शेजारच्या वाद्याच्या दोन ओळी लहान स्वरांत छापाव्यात. बॅलेत याची गरज मैफलीपेक्षा जास्त, कारण पिटमधल्या बहुतेक वादकांना रंगमंच दिसत नाही. वर काय चाललं आहे याचा त्यांना काहीही सुगावा नसतो.

आणि एक नियम पाळाच. भाग छापून गेल्यावर तालीम-क्रमांक बदलू नका. ४३ आणि ४४ च्या मध्ये नवे आठ बार आले तर त्यांना ‘४३ अ’ म्हणा. सगळे क्रमांक नव्याने घातले की पियानोवादकाच्या कागदावर एक, कंडक्टरच्या स्कोअरवर दुसरा, आणि प्रकाशयोजनेच्या वहीत तिसरा आकडा राहतो. रंगमंच व्यवस्थापक त्याच आकड्यांवरून दिवे आणि पडदे सोडतो, त्यामुळे चूक थेट प्रेक्षकांसमोर येते.

वाद्यवृंदाच्या तालमी मोजक्या मिळतात. आधी नुसता वाद्यवृंद, मग रंगमंचासह. यात बॅलेच्या संगीतकाराची खरी अडचण आहे: तो सगळ्यात आधी काम करतो, पण आपलं काम खऱ्या आवाजात सगळ्यात शेवटी ऐकतो. तोवर पावलं पक्की झालेली असतात. त्या टप्प्यावर लांबी बदलता येत नाही, लय फारशी हलवता येत नाही. हलवता येतो तो फक्त रंग: एखादं वाद्य काढून टाकणं, ट्रम्पेटला मूट (आवाज दबवणारं टोपण) लावायला सांगणं, दुप्पट केलेली ओळ एकाच वाद्यावर ठेवणं. म्हणून अनुभवी लेखक पहिल्या तालमीला जाताना ‘काय काढता येईल’ याची यादी खिशात ठेवतात. जोडण्याची यादी कधीच कामी येत नाही.

‘द विंटर्स टेल’ (१० एप्रिल २०१४, तेच नृत्यगृह, तेच व्हील्डन आणि क्रोली) माझ्या मते टॅलबट यांचं सगळ्यात नेटकं काम आहे. ‘ॲलिस’ प्रसंगांची मालिका आहे, रंगांची उधळण आहे. इथे शेक्सपियरच्या नाटकातली एका राजाच्या संशयाची गोष्ट आहे, आणि पहिल्या अंकात संशय संगीतातून वाढत जातो. पात्र बोलत नाही, मग ‘याच्या मनात आता शंका आली’ हे प्रेक्षकाला कळणार कसं? नृत्याच्या अंगाने हाताची बोटं कोळ्यासारखी चालतात. संगीताच्या अंगाने आधी ऐकलेली मोकळी सुरावट तीच राहते, पण खाली तिला न जुळणारा आधार येतो. मूकपटात शिकलेलं इथे उपयोगी पडलं, असं मला ठामपणे वाटतं.

दुसऱ्या अंकात मराठी वाचकासाठी खास गोष्ट आहे. सोळा वर्षांनंतरचा बोहेमिया, मेंढपाळांचा उत्सव, आणि रंगमंचावर बसलेला छोटा वाद्यमेळ: ॲकॉर्डियन, हातोड्यांनी वाजवायचं डल्सिमर, तालवाद्यं, आणि आपली बांबूची बासरी. नाव छापतात तेही ‘बान्सुरी’ असंच. वाद्यवृंदात तीन-तीन चांदीच्या बासऱ्या असताना बांबूची का, याचं उत्तर फुंकरीच्या आवाजात आहे. तिच्या स्वरात हवा ऐकू येते, मींड घेता येते, आणि दरबारी जगातून मोकळ्या माळावर आल्याची जाणीव दोन स्वरांत होते.

असं वाद्य वाद्यवृंदात घेताना काय काय बिघडतं, ते इथे सविस्तर सांगायला हवं, कारण आपल्याकडच्या संगीतकारांना हे काम हमखास मिळतं. पहिली चूक मागणीत होते. आपल्याकडे बासरीची पट्टी ‘सा’वरून सांगतात, आणि सा वरची तीन भोकं बंद केल्यावर येतो. सहाही बंद केली की खालचा पंचम. म्हणजे ‘ई’ची बासरी सगळी भोकं झाकल्यावर ‘बी’ देते. आयरिश पद्धतीच्या बासरी-शिट्टीचं नाव मात्र सगळी भोकं बंद केल्यावर येणाऱ्या स्वरावरून असतं. ‘ई पाहिजे’ एवढंच कळवलं तर चौथ्या-पाचव्या स्वराच्या फरकाची बासरी हातात येते. मागणीत ‘तीन भोकं बंद केल्यावर ई, संदर्भ ४४०’ असं लिहा (४४० म्हणजे ‘ए’ या स्वराची हर्ट्झमधली कंपनसंख्या). वाद्यवृंद ४४२ वर लावत असेल तर तसं. दुसरं, अर्धी भोकं. कोमल स्वर आणि शुद्ध मध्यम अर्ध्या झाकलेल्या भोकावर येतात आणि द्रुत लयीत ते नेमके लागत नाहीत. पट्टी बदलणारी सुरावट असेल तर दोन बासऱ्या घ्या, आणि बदलायला निदान चार-पाच सेकंद विराम लिहा. तिसरं, उष्णता. हवा एका अंश सेल्सियसने तापली की फुंकून वाजणाऱ्या वाद्याचा स्वर सुमारे ३ सेंट चढतो, म्हणजे अर्ध्या सुराच्या शंभरात तीन भाग. रंगमंचाच्या दिव्याखाली पिटपेक्षा पाच अंश जास्त असतील तर १५ सेंट, आणि तेवढं बेसूर कुणालाही कळतं. वादकाने खेळाआधी दिव्याखाली बसून फुंकून पाहावं, पिटजवळ नव्हे.

चौथी अडचण अंतराची. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. रंगमंचावरचा वादक पिटमधल्या तालवाद्यांपासून १५ मीटरवर असेल तर त्याला त्यांचा ठोका ४४ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. तो कानावर विसंबून वाजवायला लागला की त्याचा आवाज परत येताना आणखी तेवढाच उशीर जोडला जातो, आणि सगळा ठेका मागे ओढला जातो. त्यामुळे रंगमंचावरच्या मेळाने कंडक्टरचा हात पाहूनच वाजवायचं, तो दिसत नसेल तर मॉनिटरच्या पडद्यावर पाहून. लिहिणाऱ्यानेही मदत करावी: रंगमंच आणि पिट यांना एकाच वेळी पाव-पाव मात्रांच्या द्रुत स्वरांचं काम देऊ नये. एकाला लांब स्वर, दुसऱ्याला ठेका, किंवा आळीपाळीने. ‘विंटर्स टेल’चा दुसरा अंक ऐकताना मेळ एकटा कुठे वाजतो आणि पूर्ण वाद्यवृंद कुठे मिळतो, त्या जागांवर खूण करा. शिकायला तेवढं पुरेसं आहे.

तिसरं मोठं बॅले ‘लाइक वॉटर फॉर चॉकलेट’, जून २०२२, लॉरा एस्किव्हेल यांच्या मेक्सिकन कादंबरीवरचं. इथे मेक्सिकन कंडक्टर आलोंद्रा दे ला पार्रा यांना संगीत-सल्लागार म्हणून सुरुवातीपासून घेतलं होतं, आणि खेळही त्यांनीच चालवला. परक्या संस्कृतीचं संगीत वापरताना तिथला जाणकार लिहिण्याच्या टप्प्यावरच बरोबर घ्यावा. तालमीत बोलावून ‘बरोबर आहे ना?’ विचारलं तर उशीर झालेला असतो, आणि त्याने नाही म्हटलं तरी काही बदलत नाही.

बॅलेबाहेरचं काम थोडक्यात. २००५ चं ‘पाथ ऑफ मिरॅकल्स’ हे सतरा आवाजांसाठीचं तासाभराचं विनावाद्य समूहगान, स्पेनमधल्या सँतियागोच्या यात्रेवर. ते टेनेब्रे या गायकवृंदासाठी लिहिलं. १९९६ च्या एव्हरेस्ट दुर्घटनेवरची एकांकी ऑपेरा ‘एव्हरेस्ट’, डॅलसमध्ये २०१५. गिटारवादक मिलोश यांच्यासाठी ‘इंक डार्क मून’, २०१८ च्या प्रॉम्स या लंडनच्या संगीतमहोत्सवात. चित्रपटांत ‘द हिचहायकर्स गाइड टू द गॅलक्सी’, ‘सिंग’, आणि २०२३ चा ‘वोंका’, ज्याची गाणी पुन्हा त्याच नील हॅनन यांची.

पैशाची आणि हक्कांची बाजू न समजल्यामुळे अनेकांचं नुकसान होतं, म्हणून तेही. रंगमंचावर गोष्टीसह नाचवलेल्या संगीताचे हक्क ‘ग्रँड राइट्स’ म्हणून वेगळे धरतात. मैफलीत किंवा रेडिओवर वाजलं तर स्वामित्वसंस्था ठरलेला दर वसूल करते. बॅलेसाठी प्रत्येक कंपनीशी प्रकाशक स्वतंत्र करार करतो. टॅलबट यांचे प्रकाशक वाइज म्युझिक गटातले चेस्टर म्युझिक. ‘ॲलिस’ लंडन-टोरांटोनंतर कोपनहेगन, म्युनिक, ऑस्ट्रेलिया, टोकियो असं फिरलं, आणि प्रत्येक ठिकाणी भाग भाड्याने जातात. म्हणजे करार करताना ‘एकरकमी’ या शब्दाला भुलू नये. पुनःप्रयोगाचा हक्क आणि त्यावरचा वाटा लिहून घ्यावा. शिवाय बॅलेतून वीस-तीस मिनिटांची मैफलीची मालिका (सुइट) काढता येईल असे तुकडे आधीपासून ओळखून ठेवावेत. ‘ॲलिस’ची अशी मालिका ध्वनिमुद्रितही झाली आहे. रंगमंचावर बॅले यायला कोटी-कोटींचा खर्च लागतो, मालिका कोणताही वाद्यवृंद वाजवू शकतो. फिरतीवर पिट लहान-मोठं होतं, म्हणून तंतुवाद्यं कमी केली तरी तोल टिकेल आणि चौथा तालवादक नसला तरी अडणार नाही, अशी मांडणी असलेली बरी.

आता विद्यार्थ्याने काय करावं. ‘ॲलिस’ आणि ‘द विंटर्स टेल’ दोन्हींची चित्रमुद्रणं ओपस आर्टे या कंपनीने काढली आहेत. एका अंकासाठी स्टॉपवॉच आणि वही घ्या. प्रत्येक प्रसंगाची सुरुवात-शेवट सेकंदांत लिहा, रंगमंचावर किती माणसं, ठेका कशाचा, आणि शेवट थांबतो की वाहतो. या तक्त्यात तुम्हाला दिसेल की मोठे समूहनाच सलग दोन क्वचितच येतात. मग तसाच एक तक्ता स्वतःच्या गोष्टीचा करा, १२ मिनिटांचा, चार प्रसंगांचा, एक वेशबदल असलेला. त्यातला एकच प्रसंग निवडा आणि नुसत्या पियानोवर लिहा. एखाद्या कथक किंवा भरतनाट्यमच्या नर्तिकेला तो वाजवून दाखवा, ती कुठे मोजणी चुकते ते पाहा, आणि त्या बारांवर पेन्सिलने खूण करा. वाद्यवृंदाच्या स्कोअरचा कागद त्यानंतर काढायचा.